बाह्य हार्ड डिस्कचं पार्टिशन उडालं, बाबांनी टेप केलेली कीर्तनं त्यात आहेत (इंदूर)

नारायणबाग:
नमस्कार. तातडीची मदत हवी आहे.

घरच्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकायला एका दुकानातून मुलगा आला होता. त्याचा पेनड्राइव्ह चालेना, तेव्हा लॅपटॉपला लावलेल्या आमच्या १ टीबीच्या बाह्य डिस्कवरच त्याने मीडिया क्रिएशन टूलने इन्स्टॉलर तयार केला. काम झालं, तो गेला. संध्याकाळी डिस्क उघडली तर आत 'बूट', 'सोर्सेस' आणि 'सेटअप' एवढंच. डिस्क मॅनेजमेंटमध्ये आता ईएसडी-यूएसबी नावाचं ३२ जीबीचं फॅट३२ पार्टिशन दिसतं आणि त्यापुढे काळी पट्टी: ८९९.५० जीबी, अनॲलोकेटेड. आधी अख्ख्या डिस्कचं एकच एनटीएफएस पार्टिशन होतं, जवळजवळ भरलेलं.

त्यात आमच्या बाबांनी रामबागेतल्या आणि आसपासच्या गणेशोत्सवांत, देवळांत टेपरेकॉर्डर घेऊन बसून टेप केलेली कीर्तनं आहेत. सगळ्या कॅसेटी वेव्ह फायलींत उतरवून घेतल्या होत्या. मूळ कॅसेटींना बुरशी लागली, बऱ्याच आता वाजतच नाहीत. शिवाय आजीने सांगितलेल्या होळकरी काळातल्या घरच्या गोष्टी आणि सगळे फोटो. फोटो नातेवाइकांकडून थोडेफार जमवता येतील. कीर्तनं मात्र दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि बाबाही आता नाहीत.

डिस्कमधून आवाज वगैरे येत नाही, नीट फिरते आहे. काय करू आणि काय करू नको, दोन्ही सांगा.

शून्यएक:
ताई, डिस्क सेफली रिमूव्ह करून केबल काढून ठेवा. या घडीला सगळ्यात महत्त्वाचं एवढंच. तिच्यावर नवीन काही लिहिलं जाता कामा नये. विंडोज नुसती डिस्क लावली तरी तिच्यावर बारीकसारीक गोष्टी लिहितं, म्हणून 'बघू तरी' म्हणून परत परत लावू नका.

पार्टिशन उडालं म्हणजे डेटा पुसला गेला असं नाही. टूलने डिस्कच्या सुरुवातीला नवं पार्टिशन टेबल लिहिलं आणि पहिल्या ३२ जीबीच्या पट्ट्यात इन्स्टॉलरच्या फायली टाकल्या, साधारण पाच जीबी. उरलेल्या ९०० जीबीला हातही लागलेला नाही. तुमचा प्रश्न त्या पाच जीबीचा आहे. सविस्तर रात्री लिहितो.

माळवा_मेल:
त्या काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून न्यू सिंपल व्हॉल्यूम करा, क्विक फॉरमॅट द्या, मग चेकडिस्क चालवा. क्विक फॉरमॅटने डेटा जात नाही. नंतर कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर फायली काढून देतं.

शून्यएक:
@माळवा_मेल, कृपया असं सुचवू नका, कुणीतरी करून बसेल. क्विक फॉरमॅट नवा एमएफटी (डिस्कवरच्या फायलींची यादी) लिहितो, म्हणजे जुन्या फायलींच्या नोंदी जिथे शिल्लक असू शकतात तिथेच नव्या नोंदी बसायची भीती. आणि चेकडिस्कचं काम फाइलसिस्टिम सुसंगत करणं हे आहे, तुमच्या फायली वाचवणं हे नाही. जी नोंद त्याला जुळत नाही ती तो काढून टाकतो. हरवलेल्या पार्टिशनवर चेकडिस्क कधीच नाही.

माळवा_मेल:
बरोबर आहे, हे माहीत नव्हतं. ताई, माझं ऐकू नका.

मांडवीकर:
वडोदऱ्याहून लिहितोय. आमच्याकडे मागे एका ३ टीबीच्या डिस्कचं असंच झालं होतं, पण कारण वेगळं. बाह्य डिस्कच्या डब्याचा अडॅप्टर जळला, म्हणून आतली डिस्क काढून दुसऱ्या यूएसबी-साटा केबलला लावली, तर 'इनिशियलाइज करा' म्हणून निरोप. घरात सगळ्यांचे चेहरे पडले. प्रत्यक्षात डिस्कला काही झालंच नव्हतं. तो मूळ डबा संगणकाला ४०९६ बाइटांचे सेक्टर (डिस्कवरच्या जागेचे छोटे कप्पे) दाखवायचा आणि नवी केबल ५१२ चे. पार्टिशन टेबलात जागा सेक्टर मोजून लिहिलेली असते, त्यामुळे सगळं आठपट अलीकडे शोधलं जात होतं. त्याच जातीचा डबा मिळवून त्यात डिस्क बसवली आणि सगळं जागच्या जागी दिसलं.

म्हणून विचारतो, ताईंची डिस्क डब्यातून काढलेली नाही ना? काढूही नका. काही छोट्या डिस्कना साटाचं टोकच नसतं, यूएसबी थेट बोर्डावर असतं, आणि काहींत तो बोर्डच डेटा कूटबद्ध करतो. बोर्ड बदलला की आतलं वाचता येत नाही.

नारायणबाग:
नाही, डिस्क जशीच्या तशी आहे. केबल काढून कपाटात ठेवली. भाचा अभियांत्रिकीला आहे, तो शनिवारी येईल. त्याच्या हाताशी काय काय लागेल ते सांगून ठेवा.

शून्यएक:
आता सविस्तर. लांब आहे, पण पूर्ण वाचा.

एनटीएफएस म्हणजे विंडोजची डिस्कवर फायली मांडायची पद्धत. तिच्यात एमएफटी नावाची यादी असते. ग्रंथालयातल्या कार्डांच्या खणासारखी: प्रत्येक फायलीचं एक कार्ड, त्यावर नाव, कुठल्या फोल्डरात, किती मोठी, आणि डिस्कवर नेमकी कुठे. एक कार्ड १ केबीचं, सुरुवातीला 'फाइल' ही चार इंग्रजी अक्षरं. विंडोजने फॉरमॅट केलेल्या अशा मोठ्या डिस्कवर हा खण बहुधा क्लस्टर (जागा वाटायचा ठोकळा) ७८६४३२ पासून सुरू होतो. एक क्लस्टर ४ केबीचा धरला तर पार्टिशनच्या सुरुवातीपासून बरोबर ३ जीबीवर. या यादीच्या पहिल्या चार नोंदींची प्रत असते ती तर त्याहून अलीकडे, अगदी सुरुवातीलाच.

आणि इन्स्टॉलर पहिल्या पाच जीबीवर लिहिला गेला आहे. म्हणजे एमएफटीचा मूळ भाग बहुतेक त्याखाली गाडला गेला. हे आधीच सांगतोय, कारण टेस्टडिस्क (हरवलेली पार्टिशनं शोधणारा प्रोग्रॅम) चालवल्यावर तुम्हाला जुनं पार्टिशन दिसेल (एनटीएफएसच्या बूट सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये असते, ती शाबूत असणार), आनंद होईल, आणि 'पी' दाबून फायली बघायला गेलात की फाइलसिस्टिम खराब आहे असा निरोप येईल. घाबरू नका. मात्र तिथे 'राइट' दाबू नका. पार्टिशन परत लिहून आता काही साधणार नाही, डिस्क फक्त रॉ, म्हणजे विंडोजला न उघडता येणारी, दिसायला लागेल.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. डिस्क जवळजवळ भरलेली होती म्हणालात. भरलेल्या डिस्कवर एमएफटीला सलग जागा पुरत नाही, मग त्याचे पुढचे तुकडे दूर कुठेतरी जातात. ते तुकडे वाचलेले असू शकतात.

काय करायचं:

पहिल्यांदा दुसऱ्या संगणकावर क्रिस्टलडिस्कइन्फोने डिस्कची तब्येत बघा. ०५, १९७ (तिथे 'सी५' असं दिसेल) आणि १९८ ('सी६') या ओळींची रॉ किंमत शून्य हवी. १९७ मध्ये आकडा असेल तर डिस्क स्वतःच आजारी आहे, मग इथेच थांबून मला कळवा. खटखट आवाज आला तर तर लगेच बंद.

मग पूर्ण डिस्कची प्रत, म्हणजे इमेज. पार्टिशनची नव्हे, पूर्ण डिस्कची, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत. यासाठी २ टीबीची डिस्क आणा. १ टीबीची पुरत नाही: १ टीबी म्हणजे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर, आणि तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या डिस्कला फॉरमॅट केलं की तेवढी फाइल तिच्यात मावत नाही. नवी डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट असू दे, फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा आणि मॅपफाइल द्यायला विसरू नका. मॅपफाइल असली की मध्येच वीज गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. स्रोत कुठला आणि लक्ष्य कुठलं हे भाच्याने दोनदा तपासावं, डिस्कच्या आकारावरून. मूळ डिस्क माउंट करू नका.

वेग १०० एमबी मिळाला तर पावणेतीन तास. यूएसबी २ च्या पोर्टात लावलीत तर ३०-३५ एमबी, मग आठ-नऊ तास. निळा, यूएसबी ३ चा पोर्ट वापरा.

त्यानंतर मूळ डिस्क कपाटात. पुढचं सगळं इमेजवर.

रंगपंचमी:
एक प्रश्न. एवढी खटपट घरी करण्यापेक्षा डेटा रिकव्हरीवाल्याकडे दिलेली बरी नाही का? इंदूरलाही करणारे आहेत.

शून्यएक:
डिस्क आवाज करत असेल, पडली असेल, ओळखलीच जात नसेल, तर नक्की द्या, आणि स्वच्छ खोली असलेल्या ठिकाणीच द्या. उघड्यावर झाकण काढलेल्या डिस्कमधून फारसं काही मिळत नाही. ताईंची डिस्क धडधाकट आहे. यांत्रिक बिघाड नसताना दुकानही हीच साधनं वापरतं. आणि इमेज एकदा हाती असली की उद्या दुकानात द्यायची वेळ आली तरी काही बिघडलेलं नसतं.

नारायणबाग:
अपडेट. तिन्ही ओळींत शून्य. सिल्व्हर मॉलमधून २ टीबीची डिस्क आणली. इमेज एकही चूक न येता पूर्ण झाली, भाच्याने सेक्टर मोजून ताडून पाहिले.

टेस्टडिस्क इमेजवर चालवलं. तुम्ही म्हणालात तस्संच झालं: क्विक सर्चमध्ये फक्त ईएसडी-यूएसबी, डीपर सर्चमध्ये जुनं एनटीएफएस ९३१ जीबीचं, आणि 'पी' दाबल्यावर फाइलसिस्टिम उघडत नाही. आधी सांगून ठेवलंत म्हणून धीर सुटला नाही. आता?

शून्यएक:
छान. आता डीएमडीई नावाचा रिकव्हरी प्रोग्रॅम. त्यात इमेज उघडा, फुल स्कॅन फक्त एनटीएफएससाठी लावा. ते पूर्ण डिस्कभर एमएफटीची सुटी कार्डं शोधतं. जी मिळतील त्यांच्यावरून नावं आणि फोल्डर पुन्हा उभे राहतात. फुकट आवृत्तीत एका वेळी चालू फोल्डरातल्या ४००० फायलींपर्यंत काढता येतात, घरच्या कामाला पुरतं. काढलेल्या फायली नव्या डिस्कवर, इमेजशेजारी वेगळ्या फोल्डरात.

नारायणबाग:
स्कॅन रात्रभर चाललं. फोटो आले! नावांसकट, फोल्डरांसकट, अगदी अलीकडच्या वर्षांचे जवळजवळ सगळे. काही उघडून पाहिले, नीट उघडतात.

पण कीर्तनांचा फोल्डर कुठेच नाही. आजीचाही नाही. त्या फायली डिस्कवर सगळ्यात आधी टाकल्या होत्या.

शून्यएक:
म्हणून त्यांची कार्डं खणाच्या पहिल्या भागात होती, ती गेली. पण कार्ड गेलं म्हणजे पुस्तक गेलं असं नाही.

फोटोरेक चालवा. टेस्टडिस्कबरोबरच येतं. ते नावाच्या भानगडीत न पडता फायलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून उचलतं. फाइल प्रकारांत सगळं बंद करून फक्त 'रिफ' चालू ठेवा (वेव्ह त्यातच येतं), नाहीतर हजारो तुकड्यांत बुडून जाल. नावं मिळणार नाहीत, आकडे मिळतील. तुकड्यातुकड्यांत पसरलेल्या फायली फोटोरेकला जोडता येत नाहीत, पण तुम्ही रिकाम्या डिस्कवर एकामागून एक टाकल्या होत्या ना, मग बहुतेक सलग असतील.

जुनी_टेप:
मध्ये बोलतो. आयुष्य रेकॉर्डिंगच्या कामात गेलं, म्हणून हा धागा सोडवत नाही.

वेव्हचं एक चांगलं असतं: वेळ आणि आकार यांचा हिशेब सरळ आहे. सीडीच्या दर्जाने उतरवलं असेल, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ, तर एका सेकंदाला १,७६,४०० बाइट. ६० च्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटं, म्हणजे जवळपास ३१ कोटी ७५ लाख बाइट. ९० च्या कॅसेटची बाजू ४७ कोटी ६३ लाखांच्या आसपास. फोटोरेकने काढलेल्या फायली आकाराने लावा. या आकड्यांजवळच्या कीर्तनाच्या बाजू असणार. फार लहान असतील त्या संगणकाच्या घंट्या-बिंट्या, बाजूला काढा.

नारायणबाग:
काका, मिळाल्या! यादी आकाराने लावली आणि ३१ कोटीच्या खालीवर एक मोठा गठ्ठा दिसला. पहिली फाइल लावली तर आधी टेपची खरखर, मग बाबांचा आवाज: "मंडळी, जरा मागे सरका, माइक हलतोय." ते नेहमी असं म्हणायचे आणि मग रेकॉर्डिंग बंद करायचं विसरून तिथेच बसायचे. त्यामागून पेटी सुरू होते.

तुम्हा दोघांचे उपकार कसे मानू कळत नाही.

आता नावांचं बघायचं आहे. बाबांनी प्रत्येक फायलीचं नाव देवनागरीत लिहिलं होतं: कीर्तनकार, देऊळ, साल, आख्यान. आता आहेत नुसते आकडे. नावांशिवाय हे सगळं अर्धंच आहे.

शून्यएक:
नावं मिळायची एक वाट आहे. कष्टाची आहे, पण करण्यासारखी.

एनटीएफएस फायलींची नावं एमएफटीत लिहितं तशीच ज्या फोल्डरात त्या आहेत त्याच्या सूचीतही लिहितं. फोल्डरात बऱ्याच फायली असल्या की ही सूची एमएफटीच्या बाहेर, डिस्कवर वेगळ्या ठिकाणी जाते. ४ केबीचे ठोकळे, प्रत्येकाच्या सुरुवातीला इंग्रजी 'आय एन डी एक्स'. त्यात फाइल कुठे आहे ते नसतं, पण नाव असतं आणि आकार असतो. फोटोरेकने काढलेल्या वेव्हचा आकारही बाइटपर्यंत नेमका असतो, कारण तो फायलीच्या स्वतःच्या शीर्षकातून घेतलेला असतो. दोन्हीकडचा आकार जुळला की नाव मिळालं.

भाच्याला सांगा: डीएमडीईच्या हेक्स खिडकीत (जिथे डेटा एकेका बाइटाने दिसतो) ती चार अक्षरं शोधायची. देवनागरी नावांचे ठोकळे नजरेला लगेच कळतात. एनटीएफएस एका अक्षराला दोन बाइट देतं आणि देवनागरीचं दुसरं बाइट कायम ०९ असतं. म्हणजे 'क' हा १५ ०९ असा दिसतो. एकाआड एक ०९, ०९, ०९ अशी रांग दिसली की तिथे मराठी नाव आहे. नाव जिथे सुरू होतं त्याच्या १८ बाइट आधीपासून आठ बाइटांत फायलीचा आकार असतो, उलट्या क्रमाने लिहिलेला. भाच्याला पायथन येत असेल तर हे छोट्या प्रोग्रॅमने होईल.

नारायणबाग:
त्याने प्रोग्रॅम लिहिला. नावं समोर यायला लागली तेव्हा आम्ही घरातले सगळे त्याच्या मागे उभे होतो. बहुतेक बाजूंना नाव मिळालं. आजीच्या गोष्टीही सगळ्या मिळाल्या.

जिथे दोन फायलींचा आकार अगदी सारखा आला तिथे ऐकून ठरवलं. काही बाजूंची नावं कुठल्याच ठोकळ्यात नाहीत. आणि उलटही आहे: काही नावं आहेत, पण त्यांची फाइल नाही. ती त्या पाच जीबीत गेली असावीत.

जुनी_टेप:
त्या पाच जीबीच्या सीमेवर एखादी फाइल अर्धी पुसली गेली असेल तर तिचा उरलेला भाग वाचवता येईल. शीर्षक गेल्यामुळे फोटोरेकला ती फाइल वाटत नाही, पण वेव्हमध्ये शीर्षकानंतर नुसता आवाजच असतो. इमेजमधून इन्स्टॉलर संपतो तिथून पुढचा अर्धा जीबी कापून घ्या, कापताना जागा ४०९६ च्या पटीत ठेवा. मग ऑडॅसिटीत 'इम्पोर्ट रॉ डेटा', १६ बिट साइन्ड, लिटल एंडियन, स्टिरिओ, ४४१००. नुसता फर्रर्र आवाज आला तर सुरुवात एका बाइटने पुढे सरकवून बघा.

नारायणबाग:
केलं. पहिल्याच वेळी आवाज आला. मध्येच, आख्यानाच्या भरात, झांजांसकट सुरू होतं आणि पुढची एकवीस मिनिटं अखंड आहे. पूर्वरंग गेला, उत्तररंग राहिला. नावांच्या यादीत फाइल नसलेली जी नावं आहेत त्यातलं हे कुठलं, ते ऐकून शोधतोय.

रंगपंचमी:
ताई, वाचून खूप बरं वाटलं. हेच एसएसडीवर झालं असतं तरी चाललं असतं का? मी आता सगळं बाह्य एसएसडीवर ठेवतो.

शून्यएक:
भरवसा नाही. एसएसडीवर फॉरमॅट करताना विंडोज ट्रिमचा आदेश देतं, म्हणजे 'ही जागा आता रिकामी'. डब्यातल्या बोर्डाने तो आदेश पुढे पोचवला तर जुन्या जागी वाचलं की शून्यंच मिळतात. काही नव्या, एसएमआर पद्धतीच्या (पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणाऱ्या) फिरत्या डिस्कही ट्रिम मानतात. ताईंची डिस्क जुनी आहे, तिचा हा फायदा झाला. तुमच्या कामाच्या गोष्टींची दुसरी प्रत आजच करा, आणि ती डिस्क कायम लॅपटॉपला लावून ठेवू नका.

नारायणबाग:
आमच्या आता दोन प्रती झाल्या, एक भाच्याकडे पुण्याला जाईल. मूळ डिस्क आणि इमेज अजून तशीच ठेवली आहे.

इंदूरकरांना एक विनंती. नाव न मिळालेल्या काही बाजू आहेत. कीर्तनकार कोण, देऊळ कुठलं, काही कळत नाही. त्या काळी रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर या भागांत कीर्तनाला जाणारं कुणी घरात असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा, मी ऐकवायला येईन.

रंगपंचमी:
माझे सासरे लोकमान्यनगरला असतात, वय ८४, कान अजून तयार आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, आवाज ऐकल्याबरोबर सांगतो. रविवारी सकाळी जमेल का?

नारायणबाग:
जमेल. दहा वाजता येते, स्पीकर घेऊनच येते. पत्ता निरोपात पाठवा.